बागेतले एक्केचाळीस

एकतीस वर्षं मी रक्तातल्या पेशी मोजल्या. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एका लांबट खोलीत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आणि डाव्या मुठीत मोजणीचं यंत्र धरून. यंत्र म्हणजे मुठीत मावेल अशी स्टीलची डबी. अंगठ्याने बटण दाबलं की टक् असा आवाज होतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. निवृत्त झाले तेव्हा खोलीतल्या लोकांनी मला तेच यंत्र भेट दिलं. भिंतीवरचं घड्याळ दिलं असतं तर मला राग आला असता.

हे आधी सांगितलं ते एवढ्यासाठी की पुढे जे सांगणार आहे त्यात आकडे आहेत, आणि आकड्यांच्या बाबतीत मी चुकत नाही. बाकी बाबतीत पुष्कळ चुकते.

माझं घर गल्लीच्या शेवटी आहे. बैठं. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दारातून एक दगडी पायरी उतरलं की बाग. बाग आपली म्हणायची. चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद, तिन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची भिंत. एक लिंबाचं झाड, सिमेंटचा जुना हौद, कोपऱ्यात फुटक्या कौलांचा ढीग, आणि नोकरीच्या धबडग्यात ज्यांच्याकडे मी कधी धड पाहिलं नाही अशा बावीस कुंड्या.

धाकटी बहीण माझ्याकडे आली ती रुग्णवाहिकेतून. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. एके दिवशी टेबलावरच तिचा उजवा हात पडला, आणि तोंडातून शब्द येईनासे झाले. तीन महिने इस्पितळ, मग पाच महिने माझी मागची खोली. तिचा पलंग मी खिडकीशी लावला होता. खिडकीतून बाग दिसायची, पण आडवं पडलेल्या माणसाला छतच जास्त दिसतं. शब्द हळूहळू परतत होते, एकेक करून, मधे दमून थांबत.

तिला नुसतं वाळकं काही दिसू नये म्हणून एका मंगळवारी मी कुंड्या हलवायला घेतल्या. तिसरी कुंडी उचलली तर खाली ओल्या मातीत एक खळगा, आणि खळग्यात बेडूक. चांगला तळहाताएवढा. तो पळाला नाही. कामाच्या वेळेत कुणी टेबलाशी येऊन उभं राहिलं की आमचे हेडक्लार्क जसे बघायचे, तसं माझ्याकडे बघून त्याने एकदा गळा हलवला. मी चक्क "माफ करा" म्हणाले आणि कुंडी परत ठेवली.

पुढच्या कुंडीखाली आणखी दोन होते. कौलांच्या ढिगात सापसुरळ्या निघाल्या, तेल लावल्यासारख्या चकचकीत. भिंतीच्या भेगांत पाली. लिंबाच्या मुळाशी चिचुंद्रीचं बीळ, आणि त्यातून येणारा तो उग्र वास. हौदामागे पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक तपकिरी साप होता. पुस्तक काढून खात्री केली, बिनविषारी. इतकी वर्षं मी स्वतःला एकटी राहणारी बाई समजत होते. भिंतीपलीकडे हे सगळं बिऱ्हाड नांदत होतं आणि मला पत्ता नव्हता.

आत जाऊन धाकटीला सांगितलं. तिचा चेहरा अर्धाच हसायचा तेव्हा, पण त्या दिवशी तो अर्धा चेहरा पूर्ण हसला.

"मो... मोज," ती म्हणाली.

मला काय, तेवढंच हवं होतं.

बागेत मी सुतळ्या बांधून बारा चौकोन पाडले. नियम ठरवले. मुंग्या, किडे, गोगलगायी नाहीत. पाठीला कणा असलेलेच, आणि मुक्कामाला असलेलेच. पक्षी येतात आणि जातात, ते पाहुणे. रोज सकाळी सात वाजता सुरुवात, कुंड्या एकेक करून उचलायच्या, कौलांत आणि भेगांत टॉर्च मारायचा. धाकटी खिडकीतून डाव्या हाताचं बोट रोखायची: "भिंत... पाल." छापखान्यात पंचवीस वर्षं चुका शोधलेलं बोट ते, त्याला बारीकसारीक सगळं दिसायचं.

चौदा बेडूक, नऊ सापसुरळ्या, सात पाली, सहा उंदीर, चार चिचुंद्र्या, एक साप. एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस.

रविवारी दादा आला. आम्हा दोघींपेक्षा मोठा, दोन तासांवरच्या शहरात राहतो. माणूस प्रेमळ आहे, पण त्याचं प्रेम नेहमी काहीतरी पाडून काहीतरी बांधायला निघतं. पायरीवर उभं राहून त्याने बाग पाहिली.

"काय हे जंगल करून ठेवलंयस! सगळीकडे फरशी घालून टाक. हिची चाकाची खुर्ची तरी फिरेल. उद्या साप निघाला म्हणजे?"

"निघालाय."

"मग?"

"मग काय? राहतोय."

"तू ना, जन्मभर अशीच. मी माणसं पाठवतो. एका दिवसाचं काम आहे."

"पाठव. चहा पाजून परत धाडीन."

आतून धाकटीचा आवाज आला. एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा. "फर... शी... नको."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला हे मीच पढवलंय. जाताना मात्र तो म्हणालाच, "येत्या दोन-तीन आठवड्यांत पाठवतो. एखाद्या गुरुवारी. मग बोल."

नवव्या दिवशी आकडा परत एक्केचाळीस आला तेव्हा मी पायरीवर बसले आणि यंत्राकडे बघत राहिले. आमच्या खोलीत कुणी सलग तीन दिवस एकच आकडा लिहिला तर आम्ही त्याला बाजूला घ्यायचो. जिवंत गोष्टींचा आकडा हलतो. हलत नसेल तर मोजणारा मोजत नाही, नुसता लिहितोय. आणि मी तर मोजत होते.

धाकटीला सांगितलं. "प्रूफात... एकही चूक नसली," ती म्हणाली, "की मी... परत वाचायचे."

मी परत वाचायचं ठरवलं.

सार्वजनिक उद्यानाच्या तळ्यावरून एक बेडूक बरणीत घालून आणला आणि संध्याकाळी हौदापाशी सोडला. बेचाळीस झाले. सकाळी सातला दार उघडलं तर पायरीवर एक सापसुरळी. मेलेली. पायरीच्या बरोबर मध्यावर, सरळ रेषेत, चारही पाय अंगाशी घेतलेले. मी तिला कागदावर घेऊन भिंगाखाली पाहिलं. जखम नाही, दाताची खूण नाही, पोट भरलेलं. दुपारपर्यंत तशीच ठेवली. पायरीवरून मुंग्यांची रांग जात होती. ती रांग सापसुरळीच्या वीतभर आधी वळसा घेत होती.

बागेतले मोजले. एक्केचाळीस.

उलटी चाचणी घेतली. एक पाल बरणीत धरून गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला सोडून आले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सातच पाली होत्या. सातवी नवी होती, शेपटी तुटकी. आदल्या दिवसापर्यंत तशी पाल आमच्याकडे नव्हती.

मला भीती वाटली का? खरं सांगायचं तर आधी राग आला. माझी बाग, माझ्या भिंती, आणि इथे किती जणांनी राहायचं हे ठरवणारं दुसरंच कुणीतरी. मी पायरीवरून बागेला म्हणाले, "हे चालायचं नाही." लिंबाचं एक पानही हललं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात धाकटीने बाहेर न्यायला लावलं. मी कां-कू करत होते. तिने डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर असा गुद्दा मारला की तांब्या पडला. मग मी आणि शेजारची शिवणकामवाली, दोघींनी मिळून तिला खुर्चीत घातलं आणि पायरीवरून फळी टाकून खाली उतरवलं. लिंबाखाली बसवलं. सकाळी दहापासून ऊन कलेपर्यंत ती तिथे होती. तिथेच जेवली, तिथेच झोपली. झोपेत तिचा उजवा हात मांडीवरून घसरला, आणि त्याची बोटं गवतात किंचित हलली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर चिचुंद्री होती. सरळ रेषेत, पाय अंगाशी.

मी मोजायला गेले. चाळीस.

दोनदा मोजले. तिसऱ्यांदा कौलं एकेक करून उतरवली. चाळीस. मग मागे वळून पाहिलं. धाकटी खिडकीत बसून, आज मला बाहेर कधी नेणार, म्हणून माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नियम मीच केला होता. पाठीला कणा असलेले आणि मुक्कामाला असलेले.

चाळीस आणि एक.

मी तिच्यापासून काही लपवलं नाही. लपवून उपयोग नव्हता, तिच्या हाती पंचवीस वर्षं लोकांच्या लपवलेल्या चुका लागत आल्या होत्या. ऐकून ती घाबरेल असं वाटलं होतं.

"छापखान्यात," ती म्हणाली, "माझ्या जागी... आठवड्यात दुसरी आली. इथे..." थांबली, श्वास घेतला. "इथे माझ्यासाठी... जागा केली."

"अगं, एक जीव गेला त्यासाठी."

डोळे भरून आले तिचे. पण ती म्हणाली, "मी मागितलं नव्हतं. पण मी... आत नाही जाणार."

आणि ती गेली नाही. रोज दहा ते पाच लिंबाखाली. हाताची बोटं मुठीपर्यंत आली, मग मूठ उघडायला लागली. शब्द दोन-दोन, तीन-तीन मिळून येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, उशिराने का होईना, काही जणांत असं होतं. आकडा चाळीस होता आणि चाळीसच राहिला. पहिल्या दिवशीचा तो हेडक्लार्क बेडूक तिच्या खुर्चीच्या चाकाशी येऊन बसायचा. ती त्याला छापखान्यातल्या तक्रारी सांगायची.

मग तीन दिवस पाऊस लागला. उघडला त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी मी हौदात वाकून पाहिलं आणि तशीच वाकलेली राहिले. पाण्यात बेडकांच्या अंड्यांच्या माळा होत्या. पारदर्शक चिकट दोऱ्यात ओवलेले काळे मणी, काठाच्या शेवाळाभोवती गुंडाळलेले, एकावर एक, पार तळापर्यंत. बोटभर लांबीत मी चाळीस मोजले. बाकीचा हिशोब डोक्यात आपोआप झाला. दोन हजारांच्या आसपास. दोन, फार तर तीन दिवसांत फुटली असती.

दोन हजार जास्तीचे.

पायरीवर आता कोणाकोणाला काढून ठेवणार, हा विचार मी पुरा केला नाही. आत गेले आणि धाकटीला म्हटलं, "आजपासून चार दिवस तू आत."

"का?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकलं.

"नाही," ती म्हणाली.

"धाकटे, हट्ट करू नकोस."

"आठ महिने... छत बघितलं. त्या छताला सतरा भेगा आहेत. मोजल्यात मी. आता नाही."

त्याच वेळी दादाचा फोन आला. "परवा गुरुवारी माणसं येतायत. सिमेंट, फरशा, सगळं घेऊन. मीही येतो." फोन हातात धरून मी खिडकीतून बागेकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर गुरुवारी संध्याकाळी ना हौद उरला असता, ना अंडी, ना कुणाची मोजणी. धाकटीला खुर्ची फिरवायला गुळगुळीत फरशी मिळाली असती. आणि फरशीखाली चाळीस जीव गाडले गेले असते.

"तू ये," मी म्हटलं. "माणसं आणू नकोस."

फोन ठेवला. दोन बादल्या काढल्या. सरळ हिशोब होता, अंडी उचलायची आणि उद्यानाच्या तळ्यात नेऊन सोडायची. धाकटीला नेहमीप्रमाणे लिंबाखाली बसवलं, कारण ती आत थांबायला तयार नव्हती, आणि माझा जीव तिला एकटीला सोडायला तयार नव्हता.

बारा वाजून गेले होते. पावसानंतरचं स्वच्छ, टोचणारं ऊन पडलं होतं. मातीतून वाफ निघत होती. मी बाह्या सारल्या, पाण्यात हात घातला आणि पहिली माळ उचलली. गार, जड, बोटांतून निसटणारी.

शेजारच्या घरात शिवणयंत्र चालू होतं, त्याचा आवाज थांबला. गल्लीत कुणीतरी हाक मारत होतं, ती अर्ध्यावर थांबली. ओल्या लोखंडासारखा वास आला.

"ताई," धाकटी म्हणाली.

मी वर पाहिलं.

ते बाहेर आले होते. सगळे. कुंड्यांखालून बेडूक, भर दुपारच्या उन्हात, जिथे बेडूक कधी येत नाही. कौलांतून सापसुरळ्या. भिंतीवरून पाली उतरून जमिनीवर आल्या होत्या. उंदरांच्या शेजारी साप होता आणि उंदीर हलत नव्हते. हौद आणि स्वयंपाकघराचं दार यांच्यामध्ये ते ओळीने बसले होते. मला बादली घेऊन घरात जायचं तर त्यांना तुडवून जावं लागलं असतं.

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे धाकटीकडे बघत होते.

मी बादली खाली ठेवली. मला अजून आठवतं, भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"ती इथेच बसणार," मी म्हणाले. आवाज चिरकला. "आणि ती एकटी नाही. आजपासून मीही इथेच आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रोज. काढायचंच असेल तर मला काढून दाखवा."

मी जाऊन तिच्या खुर्चीला टेकून चिखलात बसले. तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर आला. तो तिने स्वतः उचलून ठेवला होता.

टक्.

आवाज माझ्या खिशातून आला.

मी यंत्र बाहेर काढलं. तळहातावर ठेवलं. अंगठा बटणापासून लांब होता.

टक्. टक्. टक्.

बटण आपोआप खाली जात होतं आणि वर येत होतं. सावकाश. सराईत हाताची लय असते तशी. ओळीतल्या एकेका जिवाकडे नजर जावी आणि मग दाबावं, तशी.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

थांबलं.

टक्. एक्केचाळीस. धाकटीच्या हाताची बोटं माझ्या खांद्यावर आवळली.

मग काहीच नाही. मी वाट पाहिली. बटण अर्धवट खाली गेलं होतं, आणि तिथेच अडकल्यासारखं राहिलं होतं.

ओळीतून हेडक्लार्क निघाला. उड्या मारत नाही, चालत. एकेक पाय टाकत तो पायरीपाशी गेला. पायरी त्याला उंच होती. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा चढला. पायरीच्या मध्यावर जाऊन त्याने अंग सरळ केलं. पुढचे पाय पोटाशी घेतले, मग मागचे.

तेव्हा मला कळलं. त्यांना कुणी काढत नव्हतं.

"नाही!" मी ओरडले. उठले, ओळ ओलांडून धावले. त्याला दोन्ही हातांनी उचललं. "माझ्यासाठी नाही. ऐकतोस का? मला नको आहे असली जागा." त्याला मी मातीवर ठेवलं, पायरीपासून लांब. तो परत वळला. परत ठेवलं. परत वळला. चौथ्या वेळी मी त्याला हातातच धरून ठेवलं, छातीशी. त्याचा गळा हलत होता. माझ्या तळहातांमध्ये हलत होता, मग सावकाश हलत होता, मग नाही.

टक्.

आकडा एक्केचाळीसच होता.

शिवणयंत्र सुरू झालं. गल्लीतली हाक पुरी झाली. ओळ मोडली आणि गवत थोडा वेळ हललं.

हेडक्लार्कला मी लिंबाखाली पुरलं. धाकटी रडत होती. मी रडले नाही, मी फार चिडले होते. बादली तशीच सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौदात पाहिलं. पाणी तळापर्यंत स्वच्छ. एक मणी नाही, एक दोरा नाही, शेवाळसुद्धा धुतल्यासारखं. दोन हजारांतला एकही पायरीवर नव्हता. ते कुठे गेले हे मला अजून माहीत नाही. बागेत एकोणचाळीस होते.

गुरुवारी दादा आला. माणसं घेऊनच आला. सिमेंटची पोती गल्लीत उतरत होती. तो तरातरा घरातून मागच्या दारापर्यंत आला आणि पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात थांबला.

लिंबाच्या फांदीला डाव्या हाताने धरून धाकटी उभी होती. खुर्ची दोन पावलं मागे होती. गुडघे थरथरत होते, पण उभी होती.

"दादा," ती म्हणाली, न थांबता, सलग, आजारपणानंतरचं पहिलं एवढं लांब वाक्य, "इथे एक जरी फरशी घातलीस तर मी पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही."

दादाचा चेहरा हलला. बागेत उतरून तिला धरावं असं त्याला वाटत असणार, हात पुढे आलाही होता. पण पाय पायरीवर आला नाही. तो खाली दगडाकडे बघत होता.

"इथे इतकं शांत का आहे?" त्याने मला हळूच विचारलं.

"तू ओरडत नाहीयेस म्हणून."

तो हसला नाही. बाहेर गेला, आणि पोती परत चढवल्याचा आवाज आला. तेव्हापासून तो दर रविवारी येतो, पुढच्या खोलीत बसतो आणि धाकटीला तिथे बोलावतो. काठी टेकत ती जाते. बागेत यायचा आग्रह आम्ही त्याला करत नाही.

आम्ही दोघी मात्र दिवसभर बागेतच असतो. सुतळ्या मी सोडल्या, मोजणी सोडली नाही. ज्याने एकदा माझ्या हातातल्या यंत्राने मोजलं, त्याच्या भरवशावर आकडा टाकून मी बसणार नाही. रोज सात वाजता. एकोणचाळीस आणि आम्ही दोघी.

गेल्या सोमवारी पायरीवर पाल होती. तीच, तुटक्या शेपटीची. सरळ रेषेत.

मी तीनदा मोजलं. अडतीस.

म्हणजे कुणासाठी तरी एक जागा झाली होती, पण आमच्यात नवं कुणी आलेलं नव्हतं. शिवणकामवाली गावाला गेली होती. दादा रविवारी येऊन पुढच्या खोलीतूनच परत गेला होता. मी यंत्र खिशात टाकून वळले तर धाकटी स्वयंपाकघराच्या दारातून कापडी बैठकीची घडीची खुर्ची ओढत आणत होती. एका हाताने, दम खात.

"ही कोणाला?"

ती गोंधळली. खुर्चीकडे असं बघू लागली, जणू दुसऱ्याच कुणीतरी तिच्या हातात दिलीय. "माहीत नाही गं. लागेल असं वाटलं."

मी खुर्ची तिच्या हातातून घेतली, घडी केली आणि पुढच्या खोलीत कपाटामागे ठेवली. दार ओढून घेतलं. दुपारचं जेवण झालं. धाकटी लिंबाखाली झोपली, मी तिच्याशेजारी जागी होते, उठले नाही. चार वाजता चहा करायला आत गेले. तेवढीच पाच मिनिटं.

ट्रे घेऊन बाहेर आले तर ती घडीची खुर्ची आमच्या दोन खुर्च्यांसमोर उघडून मांडलेली होती. धाकटी गाढ झोपेत होती, काठी तिच्या मांडीवर आडवी.

मी ट्रे स्टुलावर ठेवला. माझ्या खुर्चीत बसले, पाठ सरळ करून. समोर पाहिलं.

"बसायचं तर बसा," मी म्हणाले. "चहा दोघींपुरताच केलाय."

समोरच्या खुर्चीचं कापड मधोमध खोल गेलेलं होतं. ते कुरकुरलं, आणि कुणी नीट टेकून बसावं तसं आणखी थोडं खाली गेलं.